कपाटावरची पिशवी आणि उशाशी पुस्तक : अर्धवट विणकाम पूर्ण करण्याची नवशिक्यांसाठी एक पद्धत

डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत कधीतरी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी छायाचित्रासह छापून येते आणि त्या सकाळी साताऱ्यातल्या कितीतरी घरांत कपाटावरची एक पिशवी आठवते. तिच्यात पाठ पूर्ण झालेला पण पुढचा भाग न घातलेला स्वेटर असतो, एकाच पायाचा मोजा असतो, दोन सुयांमध्ये अडकून पडलेली कानटोपी असते. पिशवी खाली येते, चार ओळी होतात, आणि होळीच्या आधी ती पुन्हा वर जाते. या लेखातली पद्धत अशा पिशवीसाठी आहे. तिची सुरुवात पावसाळ्याच्या तोंडाशी करायची आहे आणि त्या त्या ऋतूत घरात जे वाचन होते त्याच्या सोबतीने ती थंडीपर्यंत न्यायची आहे. टाके घालणे, सुलट-उलट विणणे आणि टाके बंद करणे एवढे ज्यांना येते, त्यांना पुढचे सगळे जमण्यासारखे आहे.

शेजारच्या मुलींना विणकाम शिकवता शिकवता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ही सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. आळसामुळे सुटलेले काम फार थोडे असते. बहुतेक काम एखाद्या नेमक्या जागी अडलेले असते, जिथे काहीतरी मोजायचे असते, ठरवायचे असते किंवा झालेली चूक मान्य करायची असते. बगल कुठून सुरू करायची, गळा किती खोल घ्यायचा, वीस ओळी खाली सुटलेला टाका उचलायचा की सगळे उसवायचे, हे प्रश्न सोडवायला डोके शांत लागते. त्यानंतरच्या शंभर साध्या ओळींना मात्र हात आणि चिकाटी एवढेच लागते. पहिल्या प्रकारच्या बैठकीत पुस्तक जवळही ठेवू नये आणि दुसऱ्या प्रकारच्या बैठकीला पुस्तकाशिवाय बसू नये.

पिशव्या खाली काढणे

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या दोन सरींमधला एखादा कडक उन्हाचा दिवस यासाठी निवडावा. सगळ्या पिशव्या एका जुन्या पांढऱ्या चादरीवर रिकाम्या कराव्यात. चादर पांढरी असली म्हणजे कसर लागली आहे का ते लगेच कळते, कारण अळ्या, त्यांचे रिकामे कोष आणि कुरतडलेल्या लोकरीचे बारीक तुकडे त्यावर उठून दिसतात. कसरीची अळी अस्सल लोकर खाते, ॲक्रिलिकच्या वाटेला ती सहसा जात नाही. पण आपण दुकानात सरसकट लोकर म्हणून जे मागतो त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिकच असते, त्यामुळे आपल्याकडे नेमके काय आहे हे आधी पाहून ठेवलेले बरे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, पेटवून पाहावा. अस्सल लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी उरतो. ही माहिती पुढे धुताना आणि इस्त्रीच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

त्यानंतर प्रत्येक तुकड्यापुढे एकच प्रश्न ठेवावा : हे ज्याच्यासाठी घातले होते त्याला ते आज बसेल का? मी भाच्याच्या बारशाला सुरू केलेला पिवळा स्वेटर त्याच्या मुंजीपर्यंत पिशवीत होता आणि दर वर्षी मी तो "या थंडीत नक्की" म्हणून परत ठेवत होते. शेवटी तो उसवला आणि त्याच लोकरीत मफलर झाला, जो तो आजही वापरतो. असे तुकडे पूर्ण करण्याच्या भरीस पडू नये. उसवलेली लोकर वेडीवाकडी, कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून पिळल्याशिवाय टांगावी. वाळल्यावर ती बरीचशी सरळ होते आणि मगच तिचा गुंडा करावा. कुरळ्या लोकरीनेच लगेच विणायला घेतले तर टाके लहानमोठे पडतात.

उरलेल्या कामांपैकी एका वेळी तीनच बाहेर ठेवावीत, बाकीची परत बांधावीत. त्या तीनांत एक अगदी साधे, लांबलचक काम असावे, एक नक्षीचे असावे, आणि एक असे असावे की ज्याला आठवड्याभराची खोटी आहे. तिसरे महत्त्वाचे, कारण पहिल्या पंधरवड्यात काहीतरी पूर्ण होऊन घरातल्या कुणाच्या तरी अंगावर गेले म्हणजे उरलेल्या दोघांना बळ येते.

प्रत्येक कामाला जाड कागदाचे एक कार्ड सेफ्टी पिनेने लावावे आणि त्यावर सुईचा नंबर, घातलेले टाके, आजवरच्या ओळी आणि काम कुठे अडले ते लिहावे. शेवटची नोंद प्रामाणिक असावी. "वेळ मिळाला नाही" असे लिहिल्याने काही उपयोग होत नाही. "गळ्याला किती टाके सोडायचे कळले नाही" असे लिहिले की काय करायचे ते तिथेच कळते.

अडलेली जागा सोडवणे

या बैठकीला दुपारचा उजेड, मोजपट्टी, क्रोशाची सुई आणि निदान दीड तास हवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

आधी तुकडा वाचायला शिकावे. सुलट बाजूने पाहिले की टाक्यांच्या उभ्या रांगा गव्हाच्या लोंबीसारख्या दिसतात. त्या रांगेतला एकेक दाणा म्हणजे एकेक ओळ. दोन्ही बाजूंनी सुलट विणले असेल तर आडवे उंचवटे दिसतात आणि प्रत्येक उंचवटा दोन ओळींचा असतो, हे विसरून नवशिके निम्म्याच ओळी मोजतात. काम ओळीच्या मध्येच सोडले असेल तर गोंधळ होतो, पण त्यालाही साधी खूण आहे : गुंड्याकडे जाणारी लोकर ज्या टाक्यातून निघते तो शेवटचा विणलेला टाका, आणि तो ज्या सुईवर आहे ती सुई उजव्या हातात घ्यायची. उलट धरली तर तुकड्यात बारीक पायरी पडते आणि ती पुढे कितीही विणले तरी झाकली जात नाही.

पुष्कळदा टाके एका सुईवर असतात आणि तिची जोडीदार हरवलेली असते. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर जो नंबर असतो त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३. अमेरिकी मोजणी याच्या नेमकी उलट चालते, तिथे ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मला हे ठाऊक नव्हते तेव्हा एका व्हिडिओत ऐकलेला आठ नंबर मी आपला आठ समजले आणि मोठ्या माणसाच्या मापाची टोपी विणायला घेतली; ती झाली शेजारच्या बालवाडीतल्या मुलीच्या मापाची. म्हणून नंबरावर न विसंबता मिलिमीटर पाहावेत. सुईवर काहीच लिहिलेले नसेल तर कागदाची अरुंद पट्टी तिच्याभोवती घट्ट एक वेढा देऊन खूण करावी आणि पट्टी सरळ करून मोजावी. १० नंबरच्या सुईला सुमारे १० मिलिमीटर भरतात, ८ नंबरच्या सुईला साडेबारा. ८ आणि ९ मधला फरक या रीतीने नीट कळत नाही. तिथे सरळ दुकानात सुई घेऊन जावे आणि शेजारी धरून पाहावी.

सुई तीच मिळाली म्हणजे काम संपले असे नाही, कारण मधल्या वर्षांत हात बदललेला असतो. शिकत असताना सगळेच घट्ट विणतात, सरावाने हात सैल होतो, आणि जुन्या पाठीला नवा पुढचा भाग जोडायला गेले की दोन्हींची रुंदी जुळत नाही. समजा जुन्या पाठीत १० सेंटीमीटरला २४ टाके बसतात आणि आता आपल्या हाताने २२ बसू लागले आहेत. मग ९६ टाक्यांची पाठ ४० सेंटीमीटरची आणि तितक्याच टाक्यांचा पुढचा भाग साडेत्रेचाळीसच्या पुढे जाईल. म्हणून उरलेल्या लोकरीतून आधी बोटभर नव्हे, चांगला वितभर चौकोन विणून मोजावा. टाके कमी भरत असतील तर एक नंबर बारीक सुई घ्यावी, जास्त भरत असतील तर एक नंबर जाड. त्याच सुईवर हात आवळून विणण्याचा सल्ला काहीजणी देतात, पण चार ओळींनंतर तो निश्चय कुणालाच आठवत नाही.

सुटलेला टाका ही सर्वांत जास्त धास्तीची जागा आहे आणि खरे पाहता ती सर्वांत सोपी आहे. टाका सुटला की त्याच्या जागी शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांची रांग दिसते आणि सगळ्यात खाली एक मोकळा फासा उरतो. तुकडा सुलट बाजूने मांडीवर पसरावा, क्रोशाची सुई पुढून त्या फाशात घालावी, लगेच वरची आडवी दोरी आकड्यात पकडावी आणि फाशातून पुढे ओढून घ्यावी. ओढलेली दोरी हाच आता नवा फासा. शिडीची एकेक पायरी अशी चढत वर यावे आणि शेवटचा फासा डाव्या सुईवर ठेवावा. वर चढताना एखादी पायरी चुकली तर त्या जागी मागच्या बाजूला मोकळी दोरी लोंबते, तेव्हा अधूनमधून तुकडा उलटून पाहावा. अस्सल लोकरीत फासा आपल्या जागी चिकटून राहतो, ॲक्रिलिक गुळगुळीत असते आणि ओढताच आणखी दोन ओळी खाली निसटते; त्याला आधी सेफ्टी पीन लावून ठेवावी आणि मग शांतपणे कामाला लागावे.

चूक मोठी असेल आणि उसवणे भाग असेल तर आधी एक आधार घ्यावा. ज्या ओळीपर्यंत काम बरोबर आहे त्या ओळीच्या प्रत्येक टाक्यातून, बोथट टोकाच्या सुईने, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत शिवणाचा दोरा ओवून घ्यावा. मग बिनधास्त उसवावे. उसवणे त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि टाके तिथून सुईवर परत घेता येतात. पुढेही गळा किंवा नक्षी सुरू करण्यापूर्वी असा दोरा घालून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

दुसऱ्या बाहीला कंटाळा येतो, हे दुखणे सगळ्यांचे सारखे आहे. त्यावर उपाय एकच : एका लांब सुईवर दोन्ही बाह्यांचे टाके शेजारीशेजारी घालावेत, दोन्हींना दोन वेगळे गुंडे लावावेत आणि प्रत्येक ओळ दोन्हींवर विणावी. एक बाही पूर्वीच झाली असेल तर हा उपाय चालत नाही; तिथे पहिल्या बाहीच्या ओळी मोजून कार्डावर लिहाव्यात, अंदाजाने "तेवढीच" करू नये.

लोकर पुरणार का हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सुटतो. गुंडा तोलावा, दहा ओळी विणाव्यात, पुन्हा तोलावा; दहा ओळींना किती ग्रॅम लागले ते कळले की उरलेल्या ओळींचा हिशेब तोंडी होतो. अगदी शेवटी काटा उपयोगी पडत नाही, तेव्हा ओळीच्या रुंदीच्या चौपट लोकर हातात असल्याशिवाय नवी ओळ सुरू करू नये. कमी पडणार असे दिसले तर गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर, म्हणजे लोकर रंगवल्याच्या खेपेचा नंबर, पाहावा, कारण त्याच रंगाची पण वेगळ्या लॉटची लोकर दिव्याखाली सारखी वाटते आणि अंगणात आल्यावर वेगळी दिसते. तोच लॉट मिळाला नाही तर फसवाफसवी न करता बॉर्डर, मनगट आणि गळा सरळ दुसऱ्या रंगात घ्यावेत. मला तर असे स्वेटर जास्त देखणे वाटतात.

पुस्तक जवळ घेणे

अडलेली जागा सुटली आणि पुढची वाट साधी असली की वाचनाची सोबत सुरू होते. विणता विणता डोळ्यांनी वाचण्यासाठी हातांना न पाहता विणता आले पाहिजे. त्याचा सराव रोज पाच मिनिटे पुरतो : वीस टाके घालावेत, डोळे मिटावेत आणि डाव्या हाताच्या तर्जनीने पुढचा टाका सुईच्या टोकापर्यंत सरकवत नुसते सुलट विणावे. आठवड्याभरात बोटाला टाका ओळखू येतो. तोपर्यंत वाचायचे नाही, ऐकायचे.

ऐकण्यासाठी घरात कुणी मोठ्याने वाचणारे असेल तर त्यासारखे सुख नाही. आमच्याकडे आई वाचते आणि मी विणते, मध्येच ती चष्मा काढून विचारते, "अगं, ऐकतेयस ना, की टाके मोजतेयस?" ती हे विचारते तेव्हा मी बहुधा टाके मोजतच असते. असे कुणी नसेल तर आता मराठीत ऐकण्याची पुस्तके मोबाइलवर भरपूर मिळतात. एक सुलट एक उलट अशी बॉर्डर, चार टाक्यांची छोटी नक्षी, टाके शिवून जोडणे, ही सगळी ऐकण्याबरोबरची कामे आहेत. त्यात डोळे हातांवर लागतात आणि कान मोकळे असतात. नुसत्या सुलट ओळी, मफलर, शाल, पाठीचा सरळ भाग ही वाचण्याबरोबरची कामे. बगल, गळा, वेणीची नक्षी आणि जाळी यांच्यासोबत काहीच नको, रेडिओसुद्धा नको.

पुस्तक मांडीवर ठेवू नये; मान मोडते आणि लोकर पानांत अडकते. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड किंवा मुलांचे तिरके लिहायचे डेस्क घेऊन पुस्तक छातीच्या उंचीला आणावे आणि दोन्ही बाजूंची पाने कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवावीत. जुनी, वाचनालयाची पुस्तके असतील तर चिमट्याखाली कागदाची घडी घालावी, कडा दुमडत नाहीत. पान उलटायचे ते ओळ संपल्यावरच. वाक्य अर्धे टाकून उठता येते, ओळ मात्र अर्धी टाकून उठू नये; टाके सुईवरून घसरतात आणि परत आल्यावर दिशा शोधत बसावे लागते. वाचनखूण म्हणून जाड कागदाची लांब पट्टी ठेवावी आणि दर दोन ओळींनंतर तिच्यावरच पेन्सिलीने रेघ ओढावी. पान आणि ओळ या दोन्हींचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो, आणि पुस्तक संपले की पट्टीवर त्या पुस्तकाचे नाव लिहून ती कामाच्या कार्डाला टाचता येते. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मनगटे आणि मान मोकळी करावी, हे सांगायला नको, तरी सांगते.

ऋतूप्रमाणे काय वाचावे आणि काय विणावे

पावसाळ्यात साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूने ढग खाली उतरले की दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो. हवेने हात चिकट होतात आणि टाके सुईवर सरकत नाहीत. बोटांना चिमूटभर टाल्कम पावडर लावून विणले की सुटतात. भज्यांच्या ताटलीजवळ फिकट रंगाची लोकर आणू नये. तेलाचा डाग साबणाने जातो असे सांगणाऱ्यांनी मोतिया रंगाचा स्वेटर कधी विणलेला नसतो.

या दिवसांत लांब, सलग वाचन निघते आणि त्याला साधे, लांबलचक कामच जोडावे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास सुमारे ११८ दिवसांचा. सज्जनगड जवळ असल्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत दासबोध असतो. त्याचे २० दशक आणि प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज दोन समास वाचले तर १०० दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो आणि पाहुणे, प्रवास, ताप यांसाठी १८ दिवस हाताशी उरतात. आता याच मापाने विणकाम मोजून पाहावे. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरची पाठ ३० सेंटीमीटर लांब धरली आणि १० सेंटीमीटरला २८ ओळी बसत असल्या, तर पाठीला ८४ ओळी आणि पुढच्या भागाला ८४. रोज दोनच ओळी घातल्या तरी चातुर्मासात २३६ ओळी होतात. पाठ आणि पुढचा भाग मिळून १६८ गेल्या, उरल्या ६८. एका सुईवर दोन्ही बाह्या घातल्या असतील तर तेवढ्यात त्या सुमारे २४ सेंटीमीटर होतात, म्हणजे त्या मुलाला पुरतात. नवशिकीला ऐंशी टाक्यांच्या ओळीला चार-पाच मिनिटे लागतात असे धरले, तर हे सगळे रोजच्या दहा मिनिटांचे काम आहे, बाह्यांच्या दिवसांत थोडे अधिक.

पोथी चालू असताना हातात काम असणे काही घरांत चालत नाही, आणि तिथे तो मान राखावा. वाचन झाल्यावर त्याच जागी बसून दोन ओळी घालाव्यात. कादंबरी किंवा प्रवासवर्णन वाचणाऱ्यांना ही अडचण नाही. कवितेच्या बाबतीत माझी रीत वेगळी आहे. कविता वाचता वाचता विणता येत नाही, एकतर टाका जातो नाहीतर ओळ. म्हणून मी एक कविता वाचते, पुस्तक मिटते आणि ती आठवत एक ओळ विणते. आठवली नाही तर पुन्हा उघडून पाहते. एका पावसाळ्यात अशा बऱ्याच कविता पाठ झाल्या.

श्रावणातल्या कहाण्या आकाराने लहान असतात आणि घरात मोठ्याने वाचल्या जातात, म्हणून त्या काळात मोजे, टोपडी, कुंची अशी छोटी कामे आणि लोकरीची टोके मागच्या बाजूने ओवून टाकण्याचे काम काढावे. गौरी-गणपतीत काहीच होत नाही, आणि व्हायची अपेक्षाही ठेवू नये. हरतालिकेच्या आदल्या दिवशी ओळ पूर्ण करावी, टाके सुईवरून जाड दोऱ्यावर घ्यावेत, दोऱ्याला गाठ मारावी आणि कार्डावर "पुढची ओळ सुलट" किंवा "उलट" असे लिहून पिशवी बंद करावी. महिनाभर सुईवर ताणून राहिलेल्या टाक्यांची ओळ पुढे तुकड्यात वेगळी दिसते, ते यामुळे टळते.

दिवाळीत अंक येतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि विणणाऱ्यांच्या दृष्टीने अंकाची सोय अशी की त्यात लघुकथा, लेख, व्यंगचित्रे आणि दीर्घकथा असे लहानमोठे तुकडे असतात. नक्षीचे काम आता काढावे. नक्षीची एक फेर, मग सुया खाली ठेवून एक लघुकथा, पुन्हा एक फेर, अशी आलटून पालटून बैठक ठेवली की डोळ्यांना विश्रांती मिळते आणि नक्षीत चूकही कमी होते. दोन्ही एकदम करायला जाऊ नये. अंक घेताना चार मैत्रिणींनी वेगवेगळे घ्यावेत आणि आठवड्याला बदलावेत; अंकासोबत ज्याचे त्याचे विणकामही दाखवायला न्यावे लागते, त्यामुळे रेंगाळणे आपोआप कमी होते.

थंडीत सुटीला बाहेर पडायचे असेल तर पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये असलेले भिलार जवळ आहे. २०१७ पासून हे पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तिथल्या घराघरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत, ती तिथेच बसून वाचायची असतात. तिथे जाताना गुंडा पिशवीतच राहील असे मफलरचे साधे काम न्यावे, पाच सुयांचा मोजा नेऊ नये.

जोडणे, धुणे, वाळवणे

सगळे भाग विणून झाले तरी स्वेटर पूर्ण होत नाही, आणि कित्येक कामे या टप्प्यावर येऊन पुन्हा पिशवीत जातात. म्हणून शेवटचा टाका बंद केला त्याच आठवड्यात जोडणीची बैठक ठरवावी. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी, नाहीतर गळा डोक्यातून जात नाही. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, तेव्हा मुलाच्या डोक्याचा घेर मोजूनच गळा बंद करावा किंवा खांद्यावर दोन बटणांची सोय ठेवावी. भाग आधी पिनांनी जोडून पाहावेत, खांदे प्रथम शिवावेत, मग बाह्या, आणि बगलेपासून खालपर्यंतच्या बाजू सर्वांत शेवटी. टोके कापताना निदान बोटभर लांब ठेवून मागच्या टाक्यांतून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवावीत. गाठीवर भरवसा ठेवू नये, दोन धुण्यांत ती सुटते.

धुण्यासाठी थंड किंवा किंचित कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्यावा. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली तर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. ती परत पूर्वीसारखी होत नाही. पिळू नये. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबावे, मग चटईवर सपाट पसरून, मोजपट्टीने दोन्ही बाजू सारख्या करून, पंख्याखाली वाळवावे. दांडीवर टांगलेला ओला स्वेटर आपल्याच वजनाने लांब होतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवली की ते कायमचे मऊ, लुळे आणि चपटे पडते, म्हणून त्याला इस्त्री नकोच. अस्सल लोकरीवर ओले फडके ठेवून वरून नुसती वाफ द्यावी.

पुस्तके आणि लोकर एका कपाटात ठेवायची असतील तर पावसाळ्यात दोन्ही भिंतीपासून चार बोटे दूर असावीत, आणि पंधरा दिवसांनी कोरड्या दुपारी दारे उघडी टाकावीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो पूर्ण वाळलेला हवा, ओलसर पाल्याने बुरशीच येते. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवले तरी चालतात. डांबरगोळ्या लहान मुलांच्या कपड्यांत मी ठेवत नाही. सुयांच्या डब्यात खडूचा एक तुकडा टाकावा, तो दमटपणा ओढून घेतो आणि ओवायची पोलादी सुई गंजत नाही.

स्वेटर अंगावर गेल्यानंतर पिशवी टाकून देऊ नये. त्या कामाचे कार्ड, वाचनाची पट्टी आणि उरलेल्या लोकरीचा लिंबाएवढा गुंडा तिच्यात ठेवून ती कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी, कारण पुढच्या थंडीत मुलाचे कोपर त्या स्वेटरातून बाहेर येईल तेव्हा तीच लोकर आणि तोच सुईचा नंबर लागणार आहे.